कॉलेजचे पैसे रेसच्या गाडीत घालावेत का?

प्रश्न : आम्ही मूळचे सांगलीचे, आता बरीच वर्षं अमेरिकेत शार्लटला आहोत. मुलगा सतरा वर्षांचा. सुट्टीच्या दिवशी छोट्या ओव्हल ट्रॅकवर लेजंड गाडी (शिकाऊंची छोटी रेस कार) पळवतो, एकदोनदा पहिलाही आलाय. मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. पण तो सोडून, कॉलेजसाठी साठवलेल्या पैशांत लेट मॉडेल, म्हणजे त्याहून मोठी आणि महागडी रेस कार घेऊन त्याला स्वतःची टीम काढायची आहे. सारखं अ‍ॅलन कुलविकी या अमेरिकन रेस ड्रायव्हरचं उदाहरण देतो. हे खूळ समजायचं की करिअर?

उत्तर : ताई, कुलविकीचं नाव त्यानंच काढलं ते बरं झालं. तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार तोच आहे. 1977 मध्ये त्यानं आधी मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. 1985 मध्ये जवळचं बहुतेक सगळं विकून तो शार्लट परिसरात आला, बड्या मालकाची ऑफर नाकारली आणि 1992 मध्ये स्वतःच्या टीमच्या गाडीतून नॅसकारचा (अमेरिकेतल्या मोटार शर्यतींची मोठी संघटना) विन्स्टन कप, म्हणजे हंगामाचं अजिंक्यपद, मिळवला. मुलं गोष्ट सांगतात ती एवढीच.

त्या हंगामातल्या अटलांटाच्या शेवटच्या शर्यतीचा हिशेब मात्र चिरंजीवांना मांडायला लावा. पिटमध्ये, म्हणजे टायर-इंधनासाठी थांबायच्या जागी, कुलविकीचा पहिला गिअर गेला होता. शर्यत अजिंक्यपदासाठीचा त्याचा प्रतिस्पर्धी बिल इलियटनं जिंकली, कुलविकी दुसरा आला. पण शर्यतीत सर्वाधिक लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) आघाडीवर राहणाऱ्याला पाच गुण जादा मिळायचे. कुलविकीच्या अशा लॅप 103, इलियटच्या 102. अजिंक्यपद आलं 10 गुणांनी. ते पाच गुण इलियटकडे गेले असते तर बरोबरी झाली असती आणि हंगामात जास्त शर्यती जिंकल्यामुळे मान इलियटला मिळाला असता. आघाडी नेमकी किती लॅप धरायची, हे आकडे शर्यत चालू असताना मांडले जात होते. ही शिकलेल्या डोक्याची कमाई आहे.

बाकी पदरमोड करून उतरलेल्यांचं काय झालं, तेही पाहा. वेंडेल स्कॉट स्वतःच ड्रायव्हर, स्वतःच मेकॅनिक. 495 शर्यती, विजय एक. डेव्ह मार्सिसच्या 883 शर्यती, विजय पाच. आणि ही नावाजलेली माणसं बरं का! बाकीच्यांची नावंही कुणाला आठवत नाहीत.

शिवाय तो काळ गेला. 2016 पासून नॅसकारच्या सर्वोच्च कप मालिकेत (पूर्वीचा विन्स्टन कप) 36 गाड्यांना चार्टर आहे, म्हणजे शर्यतीत जागा पक्की. एका शर्यतीत जास्तीत जास्त 40 गाड्या. उरलेल्या मोजक्या जागांसाठी बाकीच्यांची झुंबड. चार्टर विकत घ्यायचा तर कोट्यवधी डॉलर लागतात. 2022 पासूनच्या नव्या गाडीचे बहुतेक सुटे भाग ठरावीक पुरवठादारांकडूनच घ्यावे लागतात. घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधून सर्वोच्च पातळीवर जायची वाट जवळजवळ बुजलीच आहे. आपला नारायण कार्तिकेयन 2010 मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला, वर्षअखेर चाहत्यांच्या मतांवर सर्वात लोकप्रिय ड्रायव्हरही ठरला. पुढच्या वर्षी तो पुन्हा फॉर्म्युला वनकडे गेला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : कॉलेजच्या पैशांना हात लावू नका, आणि रेसिंगही बंद करू नका. 'आता गाडी विसर' म्हणालात तर मुलगा अभ्यासही सोडेल, गाडी तर सोडणारच नाही. तुम्ही राहता तिथेच नॅसकारच्या बहुतेक टीम आहेत आणि यूएनसी शार्लटमध्ये मोटरस्पोर्ट्स इंजिनिअरिंगही शिकवतात. या टीमना इंजिनिअर लागतात, त्यांना पगार मिळतो. ड्रायव्हर रायन न्यूमननं पर्ड्यू विद्यापीठातून इंजिनिअरिंग केलं आणि 2008 ची डेटोना 500 ही नॅसकारची सर्वात मानाची शर्यत जिंकली. म्हणजे पदवी स्टीअरिंगच्या आड येत नाही.

लेट मॉडेल घेण्याआधी त्यानं एक हंगाम तुमच्या राज्यातल्या हिकरीसारख्या छोट्या ट्रॅकवर दुसऱ्याच्या टीममध्ये फुकट राबावं. टायर वाहावेत, रात्री ठोकलेल्या गाडीचा पत्रा सरळ करावा, आणि शर्यतीगणिक टायर, इंधन, प्रवेश फी, इंजिनची दुरुस्ती असा खर्च वहीत लिहावा, बक्षिसाची रक्कम शेजारच्या रकान्यात. जोडीला गावातल्या पाच दुकानदारांकडे स्पॉन्सरशिप मागायला एकट्यानं जाऊन यावं. वडिलांची ओळख काढायची नाही. स्वतंत्र ड्रायव्हरचा निम्मा वेळ याच कामात जातो आणि गाडी झकास पळवणारी कितीतरी पोरं इथेच गळतात.

आणि ताई, आज संध्याकाळी घरातल्या आरोग्य आणि आयुर्विम्याच्या पॉलिसी काढून वाचा. मोटार शर्यतीतली दुखापत बऱ्याच पॉलिसींत धरत नाहीत. तो आत्ताही ट्रॅकवर उतरतोच आहे, तेव्हा हे काम आधी.