संधिवात, आमवात आणि वात आणणारा गोंधळ

प्रश्न असा आला आहे: "सकाळी आईच्या दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली असतात. डॉक्टर 'संधिवात' म्हणाले, ओळखीच्या वैद्यबाई 'आमवात' म्हणाल्या. दोन्ही एकच का? आणि 'संधीवात' लिहायचं की 'संधिवात'?"

आधी सोपं उरकू. 'संधी' एकटा आला की धी दीर्घ. समासात पहिलं पद झाला की मूळ संस्कृतातला ऱ्हस्व परत येतो. म्हणून संधिप्रकाश, संधिवात. तेलांच्या जाहिरातींत 'संधीवात' सर्रास दिसतो, तो चूकच.

खरी पंचाईत अर्थाची आहे, कारण हा एकच शब्द दोन नोकऱ्या करतो. १२ ऑक्टोबरला 'जागतिक संधिवात दिन' असतो. तिथे संधिवात म्हणजे आर्थ्रायटिस, शंभरहून जास्त आजारांची एकत्र बांधलेली मोट. वैद्यांच्या तोंडी मात्र तो बहुधा 'संधिगत वात' असतो. चरकसंहितेत त्याचं वर्णन आहे: सुजलेला सांधा हाताला वारा भरलेल्या कातडी पिशवीसारखा लागतो आणि पसरताना-आखडताना दुखतो. याची जोडी हल्ली ऑस्टिओआर्थ्रायटिसशी, म्हणजे झिजेच्या सांधेदुखीशी लावतात. जिना उतरताना कुरकुरणारे गुडघे ते हेच. सकाळचा ताठरपणा यातही असतो, पण सहसा अर्ध्या तासात सुटतो.

आमवातातला 'आम' आंब्याचा नव्हे. आम म्हणजे कच्चं, न पचलेलं. शिध्याला आमान्न म्हणतात ते त्यावरूनच. पोट बिघडल्यावर पडणारी आंवही त्याच घरातली. माधवनिदान या रोगनिदानावरच्या जुन्या आयुर्वेदिक ग्रंथात आमवाताला स्वतंत्र प्रकरण आहे आणि वेदनेला उपमा दिली आहे विंचू डसल्याची. आज हा शब्द रुमॅटॉइड आर्थ्रायटिससाठी वापरतात. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. बोटांचे, मनगटांचे लहान सांधे बहुधा दोन्ही बाजूंना सारखेच सुजतात आणि सकाळी तासभर किंवा त्याहून जास्त वेळ आखडलेले राहतात. आयुर्वेदातला 'आम' आणि प्रतिकारशक्तीची ही गफलत एकच, असं मात्र समजू नये. ही जोडी लक्षणांवरून जुळवलेली आहे.

तिसरा शब्द वातरक्त. तो गाउटसाठी वापरतात. यात युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचतात आणि बरेचदा मध्यरात्री पायाचा अंगठा असा ठणकतो की चादरीचा स्पर्शही नको होतो. चरकाने याचं एक नाव 'आढ्यवात' दिलं आहे. आढ्य म्हणजे श्रीमंत! युरोपातही गाउटला राजांचा आजार म्हणत. हिंदीत मात्र गाउटलाही 'गठिया' आणि इतर संधिवातालाही 'गठिया'. तो शब्द भाषांतरित जाहिरातींतून मराठीत शिरू पाहतोय. त्याला दारातच थांबवावं, आपला गोंधळ आपल्याला पुरेसा आहे.

इंग्रजीत तरी कुठे सगळं लख्ख होतं? रुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव इंग्लिश डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ मध्ये सुचवलं. तोवर त्याला 'संधिवाती गाउट' अशा अर्थाचं खिचडी नाव चालत होतं. 'रुमॅटॉइड'मधला 'रूमा' म्हणजे ग्रीकमध्ये वाहणारं काहीतरी. त्यांचं वाहतं, आपला वात वाहतो.

घरगुती मराठीला या फोडी कधी लागल्याच नाहीत. आजी 'गुडघे धरलेत' म्हणते, 'वातूळ खाऊ नको' म्हणते आणि नातवाने फार सतावलं की 'वात आणलास' म्हणते. समईतली ती वात वेगळी. हा तो वात.

तेव्हा तुमच्या वर्णनाला वैद्यबाईंचा शब्द जवळचा आहे. डॉक्टरांनी मोटेचं नाव सांगितलं, त्यामुळे तेही चुकले नाहीत. पण औषधं वेगळी असतात आणि रुमॅटॉइडमध्ये उशीर केला तर सांधे वाकडे होऊ शकतात. म्हणून पुढच्या भेटीत "कुठला संधिवात, झिजेचा की प्रतिकारशक्तीचा?" असं विचारा आणि ते सांगतील ते इंग्रजी नाव कागदावर लिहून घ्या.