सार्त्रचा ट्रान्सेन्डन्स म्हणजे आपला मोक्षच का?

नाही. फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रच्या लेखी ट्रान्सेन्डन्स म्हणजे आहे त्या परिस्थितीपलीकडच्या, अजून न घडलेल्या शक्यतेकडे झेपावणं. त्यात ना देव, ना सुटका. सोलापुरात बी.ए.च्या मुलांना हा भाग शिकवताना मी त्याच्या ‘बीइंग अँड नथिंगनेस’ (१९४३) या ग्रंथातली मांडणीच धरतो. जन्म, शरीर, भूतकाळ ही फॅक्टिसिटी, म्हणजे आपण न निवडता वाट्याला आलेली किंवा आता बदलता न येणारी वस्तुस्थिती. तिला काय अर्थ द्यायचा हे ठरवणं हा ट्रान्सेन्डन्स. समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर रात्रपाळी करणारा म्हणाला, ‘आपण मागवाले, आपलं असंच चालायचं.’ माग खरा, डोक्यावरचं कर्जही खरं. पण ‘असंच चालायचं’ हे त्याचं त्यानं ठरवलेलं असतं, आणि ते स्वतःपासून लपवणं म्हणजे बॅड फेथ. कर्ज जणू नाहीच असं समजून इमले बांधणं हीसुद्धा बॅड फेथच, हे मात्र गाइडं छापणारे हमखास गाळतात! सार्त्रची सहकारी, स्त्रीवादी विचारवंत सिमोन द बोव्हारनं १९४९ मध्ये दाखवलं की बायकांना रोजच्या त्याच त्या घरकामात अडकवून ही झेप रोखली जाते.

फक्त हे सगळ्या अस्तित्ववाद्यांना लावू नका. जर्मन तत्त्वज्ञ कार्ल यास्पर्सचा ट्रान्सेन्डन्स जगापलीकडचा आहे, तिथे तुमची मोक्षाची शंका बरीच रास्त ठरते.