फिटनेसच्या (FitNesse, टेस्ट चालवणारं विकी-टूल) विकीवर पहिली स्टोरी, म्हणजे फीचरने काय करायचं त्याचं वर्णन, लिहिताना
अरे, सगळी फीचर्स एकदम नको घेऊस, एकच घे आणि बीएला (बिझनेस अॅनालिस्ट, क्लायंटला काय हवं ते सांगणारा) शेजारी बसवून लिही, नवीन मुलं एकटीच लिहितात आणि मग टेस्ट पास होते पण क्लायंटला हवं ते निघतच नाही.

"लोकलचा पास नीट निघाला पाहिजे" यावर टेस्ट होत नाही रे, आकडे टाक: दादर-ठाणे, सेकंड क्लास, महिन्याचा पास, ५ जूनला काढला तर ४ जुलैला चालला पाहिजे, ५ जुलैला नाही.

आणखी दोन चुका टाळ:
- स्टोरीत बटणांची नावं, स्क्रीन बदलली की सगळं मोडतं
- नियम मीटिंगमध्ये बदलतो, विकीचं पान जुनंच राहतं, त्याच दिवशी बदल

फिटनेसमध्ये पानावरचं टेबलच टेस्ट म्हणून चालतं, पण फिक्स्चरचं (टेबल आपल्या प्रोग्रॅमला जोडणारा कोड) नंतर बघू, आधी एक स्टोरी लिहून दाखव मला.