मायक्रॉन, किलो आणि व्हॅक्यूमचे मिलिमीटर

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एका कारखान्यात शीतयंत्रांची देखभाल करणाऱ्या वाचकांचा प्रश्न आहे. व्हॅक्यूम पंपाच्या नव्या मीटरवर ५०० मायक्रॉन दिसतात, पण रजिस्टरातला जुना रकाना 'किलो'चा आहे. मायक्रॉन हे तर लांबीचं माप. तो दाब कसा झाला? किलोत तो किती भरतो? आणि मराठीत लिहायचं काय?

इथंही मायक्रॉन लांबीच आहे, पाऱ्याच्या स्तंभाची उंची. इटालियन शास्त्रज्ञ टॉरिचेलीनं १६४४ साली एका पत्रात पाऱ्याच्या नळीचा प्रयोग वर्णिला, तेव्हापासून हवेचा दाब पाऱ्याच्या उंचीनं सांगायची रीत पडली. समुद्रसपाटीला ही उंची ७६० मिलिमीटर धरतात. त्यातल्या एका मिलिमीटरएवढ्या दाबाला टॉरिचेलीवरूनच 'टॉर' म्हणतात, आणि टॉरचा हजारावा भाग म्हणजे हा मायक्रॉन. नव्या मीटरमध्ये पारा औषधालाही नसतो, नाव मात्र टिकलं. पास्कल या दाबाच्या आंतरराष्ट्रीय एककात एक मायक्रॉन ०.१३३ भरतो.

आपल्याकडे 'चार किलो प्रेशर' म्हणतात तो किलो म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलोग्रॅम वजनाचा भार. जुन्या अभियांत्रिकी पुस्तकांतलं 'टेक्निकल अ‍ॅटमॉस्फिअर' ते हेच, ९८,०६६.५ पास्कल. मायक्रॉनवरून किलोवर यायला पास्कलची वाट धरायची गरज नाही. एक घन सेंटीमीटर पारा १३.५९५ ग्रॅम भरतो. ५०० मायक्रॉन म्हणजे अर्धा मिलिमीटर उंचीचा पारा. एका चौरस सेंटीमीटरवर त्याचं वजन ०.६८ ग्रॅम. म्हणून दाब ०.०००६८ किलो. टॉरला ०.००१३६ नं गुणा, किलो मिळतात.

गणित एवढंच. खरी अडचण पुढं आहे, आणि ती मोजणी कुठून सुरू केली याची आहे.

मायक्रॉन मोजतात तो शून्यापासून वर, म्हणजे आत उरलेला दाब. साध्या तबकडीवरचा किलो मोजतात तो बाहेरच्या हवेपासून. पंप बंद असताना काटा शून्यावर असतो आणि हवा काढली की उणेकडे जातो. पहिला निरपेक्ष दाब, दुसरा गेज दाब. 'व्हॅक्यूम इतके मिलिमीटर' किंवा 'इतके इंच' ही भाषाही दुसऱ्याच जातीची: किती काढलं ते ती सांगते, किती उरलं ते नाही. म्हणून तिच्यात आकडा वाढला की दाब कमी झालेला असतो, आणि मायक्रॉनमध्ये आकडा घटला की.

मराठवाड्यात आणखी एक पेच आहे. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटर उंच आहे. त्या उंचीवर बाहेरच्या हवेचाच दाब पाऱ्याच्या सुमारे ७१० मिलिमीटरएवढा असतो. पंप कितीही चांगला असला तरी इथं तबकडीवर ७६० मिलिमीटर व्हॅक्यूम येणार नाही. काटा ७१० च्या आसपास थांबेल. त्यात पंपाचा दोष नाही. साखर कारखान्यात पॅनचं, म्हणजे रस आटवण्याच्या बंद भांड्याचं, व्हॅक्यूम इंचांत सांगतात तिथंही हाच फरक पडतो. २५ इंच म्हणजे ६३५ मिलिमीटर. समुद्रकाठी त्यावर १२५ मिलिमीटर दाब उरतो आणि साधं पाणी ५६ अंशांना उकळतं. आपल्या उंचीवर ७५ उरतो आणि पाणी ४६ अंशांनाच उकळतं. आकडा तोच, तापमानात दहा अंशांचं अंतर!

आता तुमचा रकाना. तो गेजच्या किलोचा असेल तर इथं ५०० मायक्रॉनला उणे ०.९६५ लिहावं लागेल, आणि ५० मायक्रॉनलाही तेवढंच. दोहोंतला फरक फक्त ०.०००६ किलोचा, तो ना काट्यावर दिसेल ना वहीत उतरेल. तुमच्या कामात तर सगळं त्याच फरकावर अवलंबून आहे. ५०० मायक्रॉनला पाणी साधारण उणे २४ अंशांवरही वाफ होऊन निघतं, म्हणून नळ्यांतला ओलावा काढण्यासाठी तिथवर जातात. इतका कमी दाब किलोत बदलणं गणितानं बरोबर असलं तरी नोंद म्हणून निरुपयोगी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

'निर्वात' या शब्दाबद्दल थोडं. जुन्या भाषेत निर्वात म्हणजे वारा न लागणारी जागा. तिथं दिवा न थरथरता तेवतो. विज्ञानानं तो हवा नसलेल्या पोकळीला दिला, तिथं दिवा विझेल. शब्द आता रुळला आहे, जरूर वापरावा, पण पोकळीचं नाव म्हणून. मोजमापाच्या रकान्यावर 'निर्वात ५००' लिहिलं तर काढलेलं की उरलेलं, हा घोळ तसाच राहतो.

रकान्याचं शीर्षक 'निरपेक्ष दाब, मायक्रॉन' असं करून घ्या आणि शेजारी पास्कल द्या: ५०० मायक्रॉन, ६७ पास्कल. किलोचा रकाना हलवता येत नसेल तर ०.०००६८ लिहून पुढं 'निरपेक्ष' हा शब्द न चुकता लिहा.