आरोप झालेला निवेदक

प्रश्न : लोकप्रिय निवेदकावर गैरवर्तनाचा आरोप झाला, तर वाहिनीने त्याला लगेच काढून टाकावं का?

उत्तर : काढू नये, पडद्यावरून मात्र त्याच दिवशी बाजूला करावं. चौकशी बाहेरच्या माणसाकडे द्यावी. कार्यक्रमाच्या निर्मात्याकडे तर मुळीच नको, त्याचं पोटच त्या चेहऱ्यावर! बीबीसीचा लोकप्रिय निवेदक जिमी सॅव्हिल, ज्याचे लैंगिक अत्याचार मृत्यूनंतर उघड झाले, त्याच्याबद्दल बीबीसीत कुजबुज होती, पण बड्या नावांविरुद्ध तोंड उघडायला कर्मचारी घाबरत, असं त्या प्रकरणाच्या चौकशीच्या २०१६च्या जॅनेट स्मिथ अहवालात आहे. बीबीसीचाच वृत्तनिवेदक ह्यू एडवर्ड्स याला मुलांच्या अश्लील छायाचित्रांच्या प्रकरणात नोव्हेंबर २०२३मध्ये अटक झाली. बीबीसीला ते कळलंही, तरी एप्रिल २०२४च्या राजीनाम्यापर्यंत पगार चालूच. मग सुमारे २ लाख पौंड परत मागत बसले! अटकेनंतर पगार थांबवायचं कलम मी करारातच घातलं असतं. आणि हो, तक्रार करणारी मेकअपवाली कंत्राटी असेल, तर तिचं पुढचं काम आधी लेखी द्या.