वाचकांचे प्रश्न : ‘संपलं’ हे इंग्रजीत किती तऱ्हांनी म्हणतात?

प्रश्न : दूध संपलं, मीटिंग संपली, मुदत संपली, वर्ष संपत आलं... मी सगळीकडे ‘फिनिश’ घालून मोकळा होतो. परदेशी सहकारी समजून घेतात, पण ते स्वतः तसं बोलत नाहीत. काय वापरावं? (नाशिक)

‘फिनिश’ मुख्यतः हातातलं काम उरकणाऱ्या माणसासाठी. ‘आय हॅव फिनिश्ड द रिपोर्ट’ बिनचूक आहे. साठा संपला की मात्र ‘आउट’ लागतो : ‘वी आर आउट ऑफ मिल्क’ किंवा ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’. इथे कर्ता माणूस आहे. दुधालाच कर्ता केलं तर ‘ऑफ’ गळतो : ‘द मिल्क हॅज रन आउट’. या दोन रचनांची भेळ करून ‘द मिल्क इज रन आउट ऑफ’ म्हणणारे पुष्कळ भेटतात, ते चूक.

मीटिंग, सिनेमा, सुट्टी यांना ‘ओव्हर’. ठरवून दिलेला वेळ सरला की ‘अप’ : ‘टाइम इज अप’, ‘द लीज इज अप’. एक तासाची मीटिंग लांबली, तर ‘टाइम इज अप, बट द मीटिंग इजन्ट ओव्हर’ हे वाक्य अगदी बरोबर. ‘द मीटिंग इज ऑफ’ मात्र चुकूनही लिहू नका. त्याचा अर्थ मीटिंग रद्द, आणि मग कोणी फिरकणारच नाही.

वर्ष संपत आलं याला ‘द इयर इज ड्रॉइंग टू अ क्लोज’ म्हणतात. त्यातला ‘अ’ गाळायचा नाही, आणि ‘क्लोज’चा शेवट घोगरा, ‘झ’कडे झुकणारा, ‘जवळ’ या अर्थाच्या शब्दाचा शेवट ‘स’ असतो. वर्ष, समारंभ, कारकीर्द अशा लांबी असलेल्या गोष्टींनाच हा प्रयोग शोभतो, तोही भाषणात किंवा पत्रात. चहाच्या टेबलावर ‘द इयर इज नियरली ओव्हर’ पुरे.

आमचा सल्ला : ‘संपणे’चा इंग्रजी प्रतिशब्द शोधण्याआधी नेमकं मराठी क्रियापद शोधा. गोंगाट, वारा, टाळ्या ओसरतात, तिथे ‘डाय डाउन’. चालरीत किंवा प्राण्याची जात नामशेष होते, तिथे ‘डाय आउट’. झाडं एकेक करून मरत जातात, तिथे ‘डाय ऑफ’. दूर जाणारा आवाज विरतो, तिथे ‘डाय अवे’. शेकोटी मंदावली तर ‘डाइड डाउन’, पण पुरती विझली तर ‘वेंट आउट’. ओढ्याचं पाणी आटलं तर ‘ड्राइड अप’. उत्साहाने सुरू झालेलं काम हळूहळू बारगळलं तर ‘पीटर्ड आउट’. हा शब्द एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी खाणकामगारांच्या बोलीतला, खनिजाची शीर पातळ होत संपते त्याबद्दलचा.

प्रश्न : आमची कंपनी एक विभाग ‘वाइंड डाउन’ करणार असल्याचं पत्र आलंय. ‘वाइंड अप’पेक्षा हे वेगळं का? (पिंपरी)

वेगळं आहे. चावीच्या घड्याळात ‘अप’ म्हणजे चावी भरणं आणि ‘डाउन’ म्हणजे स्प्रिंग सैल होत जाणं, म्हणजे नेमके उलट अर्थ. कंपनीच्या बाबतीत मात्र दोन्ही शब्द बंद होण्याच्याच वाटेवरचे. ‘वाइंड डाउन’मध्ये नव्या ऑर्डर घेणं थांबतं, हातातल्या पुऱ्या होतात, माणसं दुसरीकडे हलवली किंवा कमी केली जातात. विभाग अजून चालू असतो. ‘वाइंड अप’ म्हणजे कायद्याने गाशा गुंडाळणं : मालमत्ता विकायची, देणी फेडायची, उरलेलं भागधारकांना वाटायचं. आपल्या 2013 च्या कंपनी कायद्यात न्यायाधिकरणामार्फत होणाऱ्या या प्रक्रियेचं इंग्रजी नाव हेच. पत्रात ‘डाउन’ असेल तर शेवटची तारीख आणि बदलीची सोय आधी विचारा.

उच्चार ‘वाइंड’, भूतकाळ ‘वाउंड’. ‘वाइंडेड’ असं रूप या अर्थाने नाही. आणि एखादा ब्रिटिश सहकारी ‘आर यू वाइंडिंग मी अप?’ म्हणाला, तर तो फिरकी घेताय का, असं विचारतोय.

प्रश्न : ‘शेवटी’ला विद्यार्थी ‘ॲट लास्ट’ लिहितात. नेहमीच बरोबर का? (कोल्हापूर)

नाही, आणि कधीकधी अनर्थ होतो. ‘ॲट लास्ट’मध्ये वाट पाहून थकल्यावरची सुटका आहे : बस आली एकदाची! शोकपत्रात ‘ॲट लास्ट ही डाइड’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल, घरचे डोळे लावूनच बसले होते. बरीच भवति न भवति होऊन निष्पन्न काय झालं ते सांगायचं तर ‘इन द एंड’ : ‘इन द एंड वी टुक द ट्रेन’. त्याच्यापुढे ‘ऑफ’ येत नाही. ‘ॲट द एंड’पुढे मात्र बहुधा येतो : महिन्याच्या, रस्त्याच्या, धड्याच्या शेवटी. मुद्द्यांच्या यादीत शेवटचा मुद्दा आला की ‘लास्टली’ किंवा ‘फायनली’.

व्यवहारात जास्त भोवतो तो ‘बाय’. ‘बाय द एंड ऑफ मार्च’ म्हणजे 31 मार्चपर्यंत, त्याआधी कधीही. ‘ॲट द एंड ऑफ मार्च’ म्हणजे मार्चच्या अखेरच्या दिवसांत. पैसे कधी द्यायचे हे ठरत असेल तर हा फरक महाग पडतो. सरळ तारीख लिहिलेली बरी.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला शिकते. तिथले लोक सप्टेंबरपासून ‘द नाइट्स आर ड्रॉइंग इन’ म्हणतात, आणि तिचे प्राध्यापक ‘क्लोज ऑफ प्ले’पर्यंत निबंध मागतात. म्हणजे काय? (सातारा)

पहिल्याचा अर्थ, दिवस लहान होऊ लागले, अंधार लवकर पडायला लागला. आपल्याकडे हे बोलण्यातही येत नाही, कारण पुण्यात सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकराचा. लंडनला जूनमध्ये साडेसोळा तास उजेड आणि डिसेंबरात आठ तासांहूनही थोडा कमी. मँचेस्टर उत्तरेला असल्याने तफावत आणखी मोठी. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे घेतात, मग तर चार-साडेचारलाच दिवेलागण.

‘क्लोज ऑफ प्ले’ क्रिकेटमधून आलं : दिवसाचा खेळ संपणं. कचेरीत त्याचा अर्थ आजचं कामकाज आटोपेपर्यंत, साधारण पाच-साडेपाच. अमेरिकी माणूस त्याजागी ‘क्लोज ऑफ बिझनेस’ म्हणेल. मध्यरात्र धरून चालू नये. वेळ विचारून घ्यावी.

प्रश्न : ‘फॅग एंड ऑफ हिज करिअर’ आमच्या वर्तमानपत्रात नेहमी येतं. परदेशात चालेल? (मडगाव)

टाळा. मूळ अर्थ कापडाचा किंवा दोराचा शेवटचा, उसवलेला भाग, आणि आपल्या इंग्रजीत तो साळसूदपणे टिकलाय. पण ब्रिटनमध्ये ऐकणाऱ्याला आधी सिगारेटचं थोटूक आठवतं, आणि अमेरिकेत पहिला शब्द समलिंगी पुरुषांसाठीची गलिच्छ शिवी आहे. ‘टेल एंड’ किंवा ‘टुवर्ड्स द एंड’ वापरा.

प्रश्न : ‘माय ग्रँडफादर एक्स्पायर्ड’ चूक का? (लातूर)

भारतात कोणी दचकत नाही, इंग्लंड-अमेरिकेत दचकतात. तिथे ‘एक्स्पायर’ होतो तो पासपोर्ट, परवाना, औषधाची बाटली. माणसासाठी साधं ‘डाइड’ उद्धट नाही. हळुवारपणे सांगायचं तर ‘पास्ट अवे’. अमेरिकी लोक ‘अवे’ गाळून नुसतं ‘पास्ट’ही म्हणतात. मृत्यूचं वर्ष लिहिताना मात्र ‘डाइड’च ठेवा.