वर्दी घातली की राज्यघटना संपली का? वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : माझे मिस्टर आर्मीत हवालदार आहेत. वरिष्ठांशी उद्धट बोलले असा चार्ज लावलाय आणि आता समरी कोर्ट मार्शल होणार म्हणे. ज्या सीओ (कमांडिंग ऑफिसर) साहेबांशी वाद झाला तेच निकाल देणार. वकिलाचं नाव काढलं तर युनिटमधले म्हणतात, वर्दी घातली की घटना-बिटना विसरायचं. खरंय का हे?
– एक वाचक भगिनी, सातारा जिल्हा

ताई, जेवढं ते ठासून सांगतायत तेवढं खरं नाहीये. घटनेच्या कलम ३३ मध्ये सैन्यदलांच्या बाबतीत मूलभूत हक्क कमी करायची मुभा आहे, पण ती संसदेला आहे आणि तीही कायदा करूनच, कुणा साहेबाला वाटलं म्हणून हक्क गेला असं होत नाही. म्हणजे तुमच्या मिस्टरांचा कुठला हक्क गेला हे बघायचं तर आर्मी अ‍ॅक्ट १९५० आणि आर्मी रूल्स १९५४ उघडायचे. उदाहरणार्थ तुमच्या-माझ्यासारख्याला पोलिसांनी उचललं तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, फौजीला ते नाही, तिथे सीओने ४८ तासांत चार्जची चौकशी हातात घ्यायची असते. हक्क छाटला गेला हे खरं, पण छाटून जे उरलं ते तरी मिळालंच पाहिजे ना! पृथीपालसिंग बेदी केसमध्ये १९८२ साली सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं, की फौजेत भरती झालेला माणूस नागरिक राहत नाही असं नाही.

आता समरीचं, म्हणजे युनिटमध्येच झटपट चालणाऱ्या लष्करी खटल्याचं. यात कोर्ट म्हणजे एकटे सीओ. शेजारी आणखी दोघं बसतात पण निकालात त्यांचा आवाज नसतो. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद आणि वर बडतर्फी देऊ शकतात, आणि बडतर्फी झाली की पेन्शनही सहसा गेलीच समजा. मला विचाराल तर हा प्रकार आता बंद व्हायला हवा, हवाई दलाच्या कायद्यात तो नाहीये आणि तिथली शिस्त काही बिघडलेली नाही. असो.

पण तुमच्यासाठी सगळ्यात कामाची केस १९८७ ची आहे, रणजित ठाकूर विरुद्ध भारत सरकार. सिग्नल रेजिमेंटमधला जवान. अधिकारी त्रास देतात म्हणून त्याने सीओंना वगळून थेट वर तक्रार पाठवली, त्याबद्दल २८ दिवसांची शिक्षा झाली, ती भोगत असताना जेवायला सांगितलं तर जेवला नाही म्हणून हुकूम मोडल्याचा चार्ज, आणि लगेच दुसऱ्या दिवशी समरी भरवून एक वर्ष सक्तमजुरी नि बडतर्फी! आणि ज्यांच्याविरुद्ध तक्रार केली होती ते अधिकारीच त्या कोर्टात बसलेले. सुप्रीम कोर्टाने दोन गोष्टी धरल्या. एक म्हणजे आर्मी अ‍ॅक्टच्या कलम १३० प्रमाणे आरोपीला विचारावं लागतं की या अधिकाऱ्यांपैकी कुणावर तुझा आक्षेप आहे का, ते विचारलंच नव्हतं. दुसरं, न जेवल्याबद्दल एवढी शिक्षा म्हणजे अति झालं. सगळी कारवाई रद्द करून त्याला पगारासकट नोकरीवर परत घेतलं.

त्यामुळे मिस्टरांना सांगा, आक्षेप तोंडी नको, लेखी द्या, आणि गुन्हा कबूल आहे का हे विचारायच्या आधी द्या. कबुलीचं तर विशेष जपा, 'हो म्हणून टाक, साहेब सोडून देतील' असं सांगणारे बरेच भेटतात आणि मग तीच कबुली गळ्याशी येते. आर्मी रूल्सचा नियम ११५ सांगतो की चार्ज आणि कबुलीचे परिणाम आरोपीला समजलेत याची कोर्टाने खात्री करायची आणि तशी नोंद ठेवायची. वकील बरोबर बसू शकतो, कुठला प्रश्न विचारायचा ते सुचवू शकतो, पण समरीत स्वतः उठून उलटतपासणी करू शकत नाही, तेव्हा प्रश्न आधीच कागदावर लिहून घ्या. निकालानंतर प्रोसीडिंगची, म्हणजे खटल्याच्या कामकाजाच्या नोंदींची कॉपी मागा, ती मिळण्याचा हक्क आहे, तिच्याशिवाय पुढे काही हलत नाही.

पुढे म्हणजे काय, तर बडतर्फी किंवा तीन महिन्यांपेक्षा जास्त कैद झाली तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल, म्हणजे सैन्यदलांसाठीचं न्यायाधिकरण, त्याचं बेंच मुंबईत आहे. त्याहून कमी शिक्षा असेल तर ट्रायब्युनल घेत नाही, मग आर्मी अ‍ॅक्टच्या कलम १६४ खाली लष्कराकडेच अर्ज आणि नंतर हायकोर्ट. हे ट्रायब्युनल पण सहज नाही मिळालं, अपिलाची सोय नाही म्हणून १९८२ च्या त्याच बेदी केसमध्ये कोर्टाने नाराजी दाखवली होती आणि कायदा झाला २००७ मध्ये, पंचवीस वर्षांनी. ट्रायब्युनलमध्ये हरलं तरी हायकोर्टात रिट करता येते, यावर उलटसुलट निकाल होते ते २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिटवलं.

प्रश्न : मी भरतीची तयारी करतोय. आर्मीत फेसबुक-इन्स्टा चालत नाही म्हणतात, मग बोलायचं स्वातंत्र्य कुठे गेलं?
– एक तरुण वाचक, सांगली

मित्रा, ते बरंचसं गेटवरच ठेवून जायचं. आर्मी अ‍ॅक्टच्या कलम २१ मध्ये लिहूनच ठेवलंय, युनियन, राजकीय सभा आणि पेपरात लिहिणं यांवर सरकार बंधन घालू शकतं. जून २०२० मध्ये ८९ अ‍ॅप काढून टाकायचा आदेश निघाला, एक लेफ्टनंट कर्नल दिल्ली हायकोर्टात गेले आणि ऑगस्टमध्ये हरले, सुरक्षेच्या बाबतीत कोर्ट हात घालत नाही. मतदान मात्र करता येतं, पोस्टाने. आधी मैदानावरचं बघ, इन्स्टाचं नंतर.

प्रश्न : पुतण्या सुट्टीवर आला असताना गावात मारामारी झाली, एफआयआर झाली. आता पोलीस पण आणि आर्मी पण शिक्षा देणार का?
– एक काका, अहिल्यानगर

काका, सुट्टीवर असला तरी तो आर्मी अ‍ॅक्टखालीच असतो, म्हणून केस दोन्हींपैकी कुठेही चालू शकते, पण एकीकडेच. कलम १२५ प्रमाणे लष्करी अधिकारी ठरवतात की कोर्ट मार्शल करायची का साध्या कोर्टात जाऊ द्यायचं. एकदा साध्या कोर्टात निकाल लागला, सुटका होवो नाहीतर शिक्षा, की त्याच गुन्ह्यासाठी परत कोर्ट मार्शल नाही, कलम १२१ मध्ये तसं स्पष्ट आहे. फक्त कोर्टात शिक्षा झाली तर त्या कारणावरून खात्याने नोकरीतून काढणं वेगळं, ते होऊ शकतं. म्हणून एफआयआरची कॉपी घेऊन युनिटला स्वतः लेखी कळवायला सांगा, पोलिसांकडून कळायच्या आत.